काचेला कळ

अण्णांनी टॅब्लेट जेवणाच्या टेबलावर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हातांची आठ बोटं काचेवर टेकवली. पुढच्या क्षणी पडद्यावर अक्षरांचा सडा पडला. अण्णांनी अजून काही लिहिलंच नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेत ते एकतीस वर्षं मराठी टंकलेखक होते. टंकलेखकाची बोटं कामाआधी कळांवर विसावतात. तीच त्याची बैठक, तिथूनच तो न बघता वरखाली जातो. काचेवर मात्र बोट विसावण्याची सोय नाही. टेकलं की उमटलं. शिवाय सत्तरी ओलांडलेल्या कोरड्या बोटांना काच कधी ओळखते, कधी ओळखत नाही. भाच्यानं मोठ्या हौसेनं आणलेला टॅब्लेट अण्णांनी माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ''अरे, याला कळा कुठं आहेत?''

नोकरीतल्या आठवणी त्यांना लिहून काढायच्या होत्या. लॅपटॉप जड वाटतो, फोनवर दिसत नाही, म्हणून टॅब्लेट. माळ्यावर जुन्या संगणकाचा यूएसबी कीबोर्ड पडलेला होता. तो याला जोडायचा, एवढंच काम. पाच मिनिटांचं म्हणून हाती घेतलं आणि त्यात तीन आठवडे गेले. एक वायर जोडताना किती गोष्टी जमून याव्या लागतात, हे त्या तीन आठवड्यांत कळलं.

यजमान कोण?

पहिला अडथळा खोबणीचा. कीबोर्डची पिन चपटी आणि रुंद, टॅब्लेटचं भोक इवलंसं. पुण्यात अशा अडचणी घेऊन माणसं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. तपकीर गल्लीत माझं वाक्य पुरं व्हायच्या आत दुकानातल्या मुलानं विचारलं, ''काका, मायक्रो का सी-टाइप?'' आणि नखाएवढा तुकडा काउंटरवर टाकला. ''ओटीजी आहे. लावा, चालतंय.''

एवढ्याशा तुकड्याची गरज का पडावी, याचं उत्तर यूएसबीच्या मूळ घडणीत आहे. या व्यवस्थेत दोन पक्ष आहेत, यजमान आणि पाहुणा. यजमान म्हणजे संगणक. वीज तो देतो, विचारपूस तो करतो, बोलण्याची पाळीही तोच ठरवतो. पाहुण्यानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कीबोर्डवर कळ दाबली की बातमी आपणहून संगणकाकडे धावते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात संगणकच दर काही मिलिसेकंदांनी कीबोर्डला विचारत असतो, ''काही आहे का?'' आणि कीबोर्ड सांगत असतो, ''नाही... नाही... हो, आहे.'' असे १२७ पत्ते एका यजमानाला सांभाळता येतात.

मानपानात गोंधळ होऊ नये म्हणून रचनाकारांनी दोन्ही टोकांचे आकारच वेगळे ठेवले. यजमानाकडची पिन चपटी, पाहुण्याकडची चौकोनी. जुन्या प्रिंटरची केबल आठवून पाहा. चुकीचं टोक चुकीच्या जागी शिरतच नाही.

टॅब्लेट आल्यावर ही घडी विस्कटली. संगणकाला जोडला तर टॅब्लेट पाहुणा, फोटो देणारा आणि चार्जिंग घेणारा. कीबोर्ड जोडला तर त्यालाच यजमान व्हावं लागतं. दोघेही पाहुणे म्हणून ओट्यावर बसून राहिले तर चहा कोण टाकणार? यावरचा तोडगा २००१ साली निघाला. 'ऑन द गो', दुकानातल्या बोलीत ओटीजी. मायक्रो यूएसबीच्या पिनेत चार तारांऐवजी पाच संपर्क असतात. साध्या केबलमध्ये पाचवा मोकळा राहतो. ओटीजीत तो जमिनीला, म्हणजे शून्य दाबाच्या तारेला, जोडलेला असतो. टॅब्लेट ते तपासतो आणि समजतो की आज यजमानपद आपल्याकडे आहे.

सी-टाइपमध्ये, ज्याची रचना २०१४ साली जाहीर झाली, हेच काम ५.१ किलोओहमचा एक चिमुकला रोधक करतो. अडॅप्टरच्या पोटातला हा रोधक सांगतो, 'पलीकडे पाहुणा आहे, वीज सोडा.' पिन कशीही घाला, वरची बाजू खाली झाली तरी बिघडत नाही. ड्रॉवरमधल्या जुन्या केबली एकमेकींना जोडून मी जे जुगाड केलं होतं, ते का चाललं नाही हे तेव्हा उमगलं. आकार जुळला होता, पण यजमान कुणीच नव्हतं.

तुकडा जोडूनही काम झालं नाही, तर दुसरी शक्यता सेटिंगमध्ये दडलेली असते. काही कंपन्यांच्या फोन-टॅब्लेटमध्ये ओटीजीचं वेगळं बटण असतं. ते आपण चालू करायचं, आणि काही मिनिटं काही जोडलं नाही तर ते आपोआप बंद होतं. काल चाललेला कीबोर्ड आज का चालत नाही, म्हणून दुकानात परत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच असतं.

बडोद्याचा माणूस

ज्यांनी १९९५च्या आसपास, यूएसबी येण्याआधी, संगणक घेतला, त्यांना त्याची पाठ आठवत असेल. कीबोर्डला गोल भोक, माऊसला वेगळं, प्रिंटरला पंचवीस पिनांचं लांबडं, मोडेमला आणखी वेगळं. चुकून सुटलं तर संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा. घरात साधा प्रिंटर जोडताना होणारी ही कटकट इंटेलमधल्या अजय भट्ट यांना असह्य झाली. हा माणूस बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांच्या नावानं १९४९ साली उभ्या राहिलेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकून पुढे न्यूयॉर्कला गेलेला आणि १९९०मध्ये इंटेलमध्ये दाखल झालेला.

सगळ्यांना एकच खोबण हवी, ही त्यांची कल्पना आधी फारशी कुणाला पटली नाही. शेवटी कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. अॅपलच्या १९९८च्या आयमॅकनं जुनी भोकं सरळ काढून टाकली, त्यानंतर बाकीच्यांनाही हलावं लागलं.

यात सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तंत्राचा नव्हता, हिशेबाचा होता. इंटेलनं यूएसबीवर रॉयल्टी घेतली नाही. म्हणून तैवानचा, चीनचा, आपल्या दिल्लीचा कुठलाही कारखानदार कीबोर्ड करू शकला आणि तपकीर गल्लीतला तुकडा शंभराच्या आत मिळू शकला. २०१३ साली युरोपीय पेटंट कार्यालयानं भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संशोधकांचा पुरस्कार दिला. त्याआधी २००९मध्ये इंटेलच्या एका गाजलेल्या जाहिरातीत भट्ट एखाद्या रॉकस्टारसारखे कचेरीत शिरतात आणि पोरी किंचाळतात. गंमत म्हणजे त्यात भट्ट स्वतः नव्हतेच, सुनील नारकर नावाच्या अभिनेत्यानं त्यांचं काम केलं होतं.

चपटी पिन पहिल्या खेपेला हमखास उलटी का धरली जाते, याचा जाब भट्टांना पुढे वारंवार द्यावा लागला. त्यांचं उत्तर सरळ होतं. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा वाढल्या असत्या, खर्च वाढला असता, आणि महाग वस्तू तेव्हा कुणी स्वीकारली नसती.

विजेचा ताळेबंद

यजमान झालं म्हणजे वाढणं आलं, आणि टॅब्लेटची शिदोरी बेताची. यूएसबी २.० प्रमाणे संगणकाच्या खोबणीतून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते. टॅब्लेट स्वतःच बॅटरीवर जगणारा, तो हात आखडता घेतो. साधा कीबोर्ड शंभराच्याही आत भागवतो, माऊस त्याहून कमी. पण खाली रंगीत दिवे लुकलुकणारा गेमिंग कीबोर्ड लावला, तर तो पाचशेच्या जवळ जाऊ शकतो. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क तर सुरू होतानाच त्याहून मोठा घोट मागते. मग टिकटिक आवाज येतो, दिवा लागतो, विझतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. लोक म्हणतात, डिस्क गेली. डिस्क ठणठणीत असते, उपाशी असते.

पहिल्या आयपॅडच्या वेळी, २०१० साली, हे सगळ्यांना नीट दिसलं. अॅपलनं कॅमेऱ्यातले फोटो घेण्यापुरता एक यूएसबी अडॅप्टर विकायला काढला. लोकांनी त्यात कीबोर्ड घालून पाहिला. पडद्यावर 'हे उपकरण चालणार नाही' अशी पाटी आली आणि कीबोर्ड सुरळीत चालू लागला! त्याच वर्षअखेरीस नवं सॉफ्टवेअर आलं, बाहेर सोडायची वीज १०० मिलिअँपिअरवरून २०वर आणली गेली, आणि काल चालणारी कितीतरी उपकरणं एका रात्रीत बंद पडली. वायर तीच होती. यजमानानं हात आखडला होता.

अँड्रॉइडनं २०११मध्ये ३.१ या आवृत्तीपासून यजमानपद रीतसर स्वीकारलं. कीबोर्ड, माऊस, गेम खेळायची कांडी हे सगळं तेव्हापासून जोडताच ओळखलं जातं. आयपॅडवर माऊससाठी २०१९पर्यंत थांबावं लागलं, आणि सी-टाइप खोबण २०१८च्या आयपॅड प्रोपासून आली.

घरच्या वापरासाठी यातून निघणारा नियम सोपा आहे. एक कीबोर्ड किंवा एक पेनड्राइव्ह असेल तर साधा ओटीजी पुरतो. दोन-तीन वस्तू लावायच्या असतील, तर स्वतःचा चार्जर असलेला हब घ्यावा. सी-टाइपवाल्या टॅब्लेटला चार्जिंग आत येऊ देणारा हब मिळतो, त्यामुळे लिहिता लिहिता बॅटरी संपत नाही. आणि पेनड्राइव्ह दिसतो पण मोठा व्हिडिओ त्यावर जात नाही, अशी तक्रार असेल, तर तो फॅट-३२ पद्धतीनं आखलेला असणार. त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅट करून घ्यावा, आधी आतला मजकूर दुसरीकडे ठेवून.

कीबोर्डला मराठी येत नाही

ओटीजी लागला, वीज पोचली, अण्णांनी बोटं टेकवली आणि पडद्यावर काही सांडलं नाही. ते खुशीत आले. मग त्यांनी टंकायला सुरुवात केली आणि उमटली ती इंग्रजी अक्षरं, तीही अर्थहीन.

''हा कीबोर्ड इंग्रजी आहे,'' अण्णा म्हणाले.

मलाही तसंच वाटत होतं. पण ते खरं नाही. कीबोर्ड इंग्रजीही नसतो आणि मराठीही नसतो. 'के' छापलेली कळ दाबली की तारेतून 'के' हे अक्षर जात नाही, १४ हा आकडा जातो. 'ए'ची कळ ४ पाठवते, 'बी'ची ५. कीबोर्ड फक्त जागा सांगतो, की अमुक ठिकाणची कळ दाबली गेली. १४ म्हणजे 'के' की 'क', हे टॅब्लेटनं ठरवायचं. कळेवर छापलेलं अक्षर आपल्यासाठी आहे, यंत्रासाठी नाही. म्हणूनच जगातला कुठलाही दोनशे रुपयांचा कीबोर्ड मराठी लिहू शकतो, टॅब्लेटच्या मनात असेल तर.

अण्णांच्या टॅब्लेटच्या मनात नव्हतं. सेटिंगमध्ये प्रत्यक्ष कीबोर्डची यादी उघडली. अनेक देशांच्या इंग्रजी होत्या, फ्रेंच होती, जर्मन होती. मराठी नव्हती. पडद्यावर दिसणाऱ्या आभासी कीबोर्डात मराठी होती, पण ती बोटानं दाबण्यापुरती. बाहेरच्या कळांशी तिचा संबंध नव्हता.

इथून शोध सुरू झाला आणि तो थेट ऐंशीच्या दशकात गेला. भारतीय भाषांसाठी एकच कीबोर्ड असावा म्हणून इनस्क्रिप्ट ही मांडणी तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक १३१९४ मध्ये तिला जागा मिळाली. पुण्याच्या सीडॅक या संगणक संस्थेनं ती यंत्रांवर उतरवली, रुजवली. रचना शहाणी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'के'च्या जागी क, शिफ्टसह ख. 'आय'च्या जागी ग, शिफ्टसह घ. डावा-उजवा, डावा-उजवा असा हात चालतो, आणि एकदा मराठी बसली की कानडी, गुजराती, बंगाली लिपीही त्याच जागांवर सापडते. मराठीचा खास ळ तिथं आहे, आणि 'सुऱ्या'तला, 'दऱ्या'तला अर्धा र हवा तर त्यासाठीही 'जे'च्या कळेवर शिफ्टसह वेगळा ऱ आहे.

अण्णांची बोटं मात्र रेमिंग्टनच्या वळणाची. टंकलेखन यंत्र कागदावर डावीकडून उजवीकडे ठोकत जातं, म्हणून जे आधी दिसतं ते आधी मारायचं. 'कि' लिहायचं तर पहिल्यांदा वेलांटी, मग क. आणि 'वर्ष' लिहायचं तर व, ष आणि वरचा रफार सगळ्यात शेवटी. इनस्क्रिप्टमध्ये नेमकं उलटं. जसा उच्चार तसा क्रम. आधी क, मग वेलांटी. आधी र आणि हलन्त, मग ष. यंत्राच्या पोटातही युनिकोड या जागतिक संकेताप्रमाणे अक्षरं याच क्रमानं साठवली जातात. एक मांडणी डोळ्यांनी लिहिते, दुसरी कानांनी.

या फरकाचा एक व्यावहारिक परिणाम आहे. अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या कीबोर्डची नवी मांडणी एखाद्या ॲपला पुरवता येते, ही सोय २०१२पासून आहे. पण ती मांडणी म्हणजे साधा तक्ता असतो, एका कळेसमोर एक अक्षर. इनस्क्रिप्ट त्या तक्त्यात जवळजवळ जशीच्या तशी बसते. रेमिंग्टन बसत नाही, कारण तिथं अक्षरांची अदलाबदल करणारं डोकं लागतं, तक्ता पुरत नाही. विंडोजच्या संगणकावर हे डोकं पुरवणारी साधनं पूर्वीपासून मिळतात. आम्हाला टॅब्लेटवर मिळाला तो इनस्क्रिप्टचा तक्ता.

अण्णा दोन दिवस रुसले. ''तीस शब्दांची परीक्षा पास झालोय मी. आता पुन्हा पहिलीत बसू?'' तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर छोटे चौकोन कापले, निळ्या शाईनं अक्षरं लिहिली आणि कळांवर चिकटवली.

त्याच खोबणीतली इतर माणसं

या तीन आठवड्यांत माझं लक्ष इतरांच्या खोबणीकडे जाऊ लागलं. गावातला बँक मित्र, म्हणजे बँकेचा प्रतिनिधी, बघा. त्याच्या फोनला किंवा टॅब्लेटला ओटीजीनं काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र लटकलेलं असतं. त्यावर अंगठा ठेवला की आधारशी पडताळणी होते आणि पेन्शनचे पैसे हातात पडतात. ऊसतोडीनं, धुण्याभांड्यानं रेषा झिजलेला अंगठा तीनतीनदा टेकवावा लागतो. पण कित्येकदा दोष अंगठ्याचा नसून ढिल्या झालेल्या पिनेचा असतो. ओटीजीचा तुकडा जरा दाबून धरला की काम होतं, हे बँक मित्राला ठाऊक असतं. समोरच्या आजीला ठाऊक नसतं, ती स्वतःच्या हाताला बोल लावते.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर बाहेरची कळ ही चैन नाही. गुळगुळीत काचेवर हाताला काही लागत नाही. कीबोर्डवर 'एफ' आणि 'जे'च्या कळांवर बारीक उंचवटे असतात, त्यांवरून बोटं जागा ओळखतात, आणि पडदा वाचून दाखवणारा आवाज प्रत्येक अक्षर उच्चारतो. वरखाली होणाऱ्या टिंबांची ब्रेल पट्टीही टॅब्लेटला जोडता येते, मग वाचन बोटांनी होतं.

पेटी शिकणाऱ्यांनी संगीताचा कीबोर्ड जोडून पाहायला हरकत नाही. मिडी ही १९८३ची भाषा यूएसबीतून जाते, आणि तिथंही हाच न्याय आहे. तारेतून सूर जात नाही, कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढंच जातं.

आणि विद्यार्थी. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त 'आकाश' टॅब्लेटचं अनावरण झालं. पुढच्या वर्षी आलेल्या आकाश-२च्या कामात मुंबईची आयआयटी पुढे होती. पहिल्या आकाशचा पडदा दाबून दाबून बोट दुखायचं, पण त्याला मोठी यूएसबी खोबण होती, अडॅप्टरशिवाय कीबोर्ड लागायचा. स्वस्त टॅब्लेटमधून ती खोबण पुढे नाहीशी झाली. आज नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना मोफत टॅब्लेट देते. हे मोलाचं काम आहे. पण व्हिडिओ बघायला काच पुरते, दोन पानांचा निबंध लिहायला पुरत नाही. टॅब्लेट वाचकाचं यंत्र आहे. कीबोर्ड जोडल्यावर ते लेखकाचं होतं.

एक सावधगिरीही सांगायला हवी. टॅब्लेट कीबोर्डवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, कारण कळ दाबणारा मालकच असणार असं तो धरून चालतो. २०१४ साली दोन जर्मन संशोधकांनी, कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी, लास वेगासच्या परिषदेत दाखवून दिलं की पेनड्राइव्हचं आतलं सॉफ्टवेअर बदलून तो 'मी कीबोर्ड आहे' असं सांगू शकतो आणि मालकाच्या नावानं हव्या त्या आज्ञा टंकू शकतो. रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह म्हणूनच टॅब्लेटला लावू नये.

शेवटी हिशेब

अण्णांची आता अठ्ठावीस पानं झाली आहेत. ओळ संपली की डावा हात अजूनही दांडा ओढायला वर जातो, आणि मग ते हळूच एंटर दाबतात. वेलांटी आधी मारायची सवय पुरती गेलेली नाही, त्यामुळे मधूनच एखादी वेलांटी शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडते. लग्नपत्रिकेचे चौकोन त्यांनी परवा काढून टाकले.

खोबण सगळ्यांना एक असावी म्हणून सात कंपन्यांनी आपापला हट्ट सोडला, त्यावर टोल लावला नाही, आणि म्हणून जगातला कुठलाही कीबोर्ड कुठल्याही टॅब्लेटला आज जोडता येतो. १४ या आकड्याचा 'क' करणं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. ते टॅब्लेट घडवणाऱ्याच्या आणि तो विकत घेणाऱ्याच्या हातात आहे. देशाचं मानक ठरून तीन दशकं उलटली, तरी मराठी मुलुखात विकल्या जाणाऱ्या टॅब्लेटच्या यादीत बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठी शोधावी लागते, ही कंपन्यांइतकीच आपलीही कसूर आहे. आपण विचारतच नाही.

तेव्हा या दिवाळीत कुणी घरात आई-वडिलांसाठी किंवा गावच्या शाळेसाठी टॅब्लेट घेणार असेल, तर दुकानात तीन गोष्टी करून बघा. एक यूएसबी कीबोर्ड मागून घ्या आणि ओटीजीनं जोडा. सेटिंगमध्ये प्रत्यक्ष कीबोर्डची यादी उघडून मराठी आहे का बघा. आणि पैसे देण्याआधी त्या कीबोर्डवर आपलं स्वतःचं नाव देवनागरीत लिहून दाखवायला सांगा.

लिहिता आलं, तर घ्या.